थायरॉइडच्या शस्त्रक्रियेत पॅराथायरॉइड ग्रंथी कशा जपल्या जातात?

शल्यक (धागाकर्ता)

थायरॉइड काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियेविषयी येथे वेळोवेळी प्रश्न येतात आणि त्यांतली काळजी बहुधा आवाजाविषयी किंवा गळ्यावरच्या व्रणाविषयी असते. ती रास्त आहे. परंतु संपूर्ण थायरॉइड काढल्यानंतर सर्वाधिक आढळणारी गुंतागुंत आवाजाची नसून कॅल्शियमची असते, आणि तिचे मूळ थायरॉइडच्या पाठीला लागून असलेल्या पॅराथायरॉइड ग्रंथींना झालेल्या इजेत असते. वेगवेगळ्या ठिकाणच्या नोंदी पाहिल्या तर अशा साधारण २० ते ३० टक्के रुग्णांचे कॅल्शियम काही काळ उतरते. त्यांतले बहुतेक काही आठवड्यांत सावरतात, पण एक ते चार टक्के रुग्णांच्या ग्रंथी पुन्हा पुरेशा कामाला लागत नाहीत. मी मानेच्या शस्त्रक्रिया करतो आणि या शेवटच्या गटातले रुग्ण जवळून पाहिले आहेत, म्हणून हा धागा काढत आहे.

बहुतेक माणसांना चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. स्वीडनमध्ये ५०३ शवविच्छेदनांवर आधारलेला एक अभ्यास १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ८४ टक्के व्यक्तींमध्ये चार, १३ टक्के व्यक्तींमध्ये चारपेक्षा अधिक आणि ३ टक्के व्यक्तींमध्ये तीनच ग्रंथी आढळल्या. एकेक ग्रंथी पाच-सहा मिलिमीटर लांब, तीन-चार मिलिमीटर रुंद आणि जेमतेम एक-दोन मिलिमीटर जाड असते, आणि तिचे वजन ३० ते ५० मिलिग्रॅम भरते. एवढ्याशा ऊतीतून पाझरणारे संप्रेरक, म्हणजे पॅराथायरॉइड हार्मोन, रक्तातल्या कॅल्शियमची पातळी क्षणोक्षणी सांभाळते. ते हाडांतून कॅल्शियम सोडवते, मूत्रपिंडाला कॅल्शियम परत शोषायला लावते आणि ड जीवनसत्त्वाचे कार्यक्षम रूप तयार करवून घेते, ज्यामुळे आतड्यातून कॅल्शियम शोषले जाते. रक्तातले हे हार्मोन काही मिनिटांतच निम्म्यावर येते, त्यामुळे ग्रंथी बंद पडल्या की हार्मोनची पातळी लगेच ढासळते. कॅल्शियम मात्र हळूहळू उतरते आणि शस्त्रक्रियेनंतर २४ ते ७२ तासांच्या दरम्यान तळ गाठते. रुग्ण घरी परतण्याचा काळही नेमका हाच असतो.

वरच्या दोन ग्रंथींची जागा बऱ्यापैकी ठरलेली असते. खालची थायरॉइड धमनी आणि स्वरयंत्राची परतणारी नस (स्वरयंत्राचे स्नायू चालवणारी चेता) जिथे एकमेकींना ओलांडतात, त्याच्या साधारण एक सेंटिमीटर वर आणि नसेच्या पाठीमागे त्या बहुधा सापडतात. खालच्या दोन ग्रंथी गर्भावस्थेत थायमस ग्रंथीबरोबर खाली उतरत येतात. हा प्रवास लांबचा असल्यामुळे त्या थायरॉइडच्या खालच्या टोकाशी, थायमसच्या शिंगात, कधी छातीच्या पोकळीत, तर कधी चक्क थायरॉइडच्या आतही असू शकतात. त्या नसेच्या पुढच्या बाजूला असतात, एवढी खूण मात्र उपयोगी पडते.

आता मुख्य मुद्दा. शस्त्रक्रियेत ग्रंथी चुकून कापली जाणे हे इजेच्या कारणांपैकी केवळ एक आहे. त्याहून कितीतरी अधिक वेळा ग्रंथी जागेवर राहते, डोळ्यांना शाबूत दिसते, पण तिचा रक्तपुरवठा तुटलेला असतो. बहुतेक ग्रंथींना रक्त देणारी फांदी खालच्या थायरॉइड धमनीतून निघते. केसाएवढी बारीक असलेली ही फांदी त्या ग्रंथीपुरती शेवटची असते. ती तुटली तर दुसरीकडून भरवसा ठेवावा असा पुरवठा मिळत नाही. हॉल्स्टेड आणि इव्हान्स यांनी १९०७ मध्येच या रक्तवाहिन्यांची रचना मांडली आणि थायरॉइडच्या धमन्या मुळाशी न बांधता थायरॉइडच्या अगदी जवळ, पॅराथायरॉइडच्या फांद्या सुटून गेल्यानंतर बांधाव्यात, असे सुचवले. आज आम्ही जिला आवरणालगतची शस्त्रक्रिया म्हणतो, तिचा गाभा हाच आहे.

प्रत्यक्षात हे कसे होते ते सांगतो. थायरॉइडचा एक खंड मोकळा करून मध्यरेषेकडे वळवून धरला की त्याची मागची कड वर येते. त्या कडेवर चरबीचा पातळ पदर असतो आणि त्यात पिवळसर तपकिरी रंगाचा, कडा नितळ असलेला, चपटा ठिपका दिसतो. चरबी त्याहून फिकी पिवळी असते, लसिकाग्रंथी करडी आणि टणक असते, थायरॉइडच्या गाठीचा रंग लालसर असतो. पॅराथायरॉइड उपकरणाच्या टोकाने हलकेच ढकलली तर चरबीच्या पदराखाली किंचित सरकते. येथे तिला चिमट्यात पकडण्याचा मोह आवरावा लागतो. तिला हात न लावता, तिच्या आणि थायरॉइडच्या मधला पदर थायरॉइडच्या आवरणावरच उलगडत न्यायचा, आवरणात शिरणारी एकेक बारीक रक्तवाहिनी वेगळी करून तिथेच बांधायची किंवा लहान क्लिपने बंद करायची, आणि ग्रंथी तिच्या चरबीसह, देठासह (म्हणजे तिला रक्त देणाऱ्या बारीक फांदीसह), बाहेरच्या व मागच्या बाजूला अलगद उतरवून ठेवायची. विजेवर चालणारी उपकरणे वेळ वाचवतात, पण त्यांची उष्णता आजूबाजूच्या काही मिलिमीटरपर्यंत पसरते आणि देठाची जाडी तर एक मिलिमीटरही नसते. सक्शनची नळीसुद्धा ग्रंथीवर थेट धरू नये. देठ तुटायला तेवढा ओढा पुरतो.

उतरवून ठेवलेली ग्रंथी शस्त्रक्रिया संपेपर्यंत पुन्हा पुन्हा पाहावी लागते. ती काळसर जांभळी झाली तर बहुधा तिच्यातून रक्त बाहेर पडायला वाट उरलेली नसते; अशा वेळी तिच्या आवरणाला अगदी लहानशी चीर दिल्यास साचलेले रक्त निघते आणि कधी कधी तिचा रंग परततो. ती पांढरी पडली, किंवा चीर दिल्यावर रक्ताचा थेंबही आला नाही, तर तिचा रक्तपुरवठा गेला असे धरावे लागते. मग तिच्या कणभर तुकड्याची तपासणी करून ती पॅराथायरॉइडच आहे याची खात्री करून घेतात, उरलेला भाग थंड सलाइनमध्ये ठेवून त्याचे मिलिमीटरभराचे तुकडे करतात आणि मानेच्या स्नायूत खिसा करून त्यात ते रुजवतात. हे रोपण कामाला लागायला काही आठवडे जातात.

रोपणाविषयी माझे मत स्पष्ट आहे. देठ शाबूत असलेली ग्रंथी "खात्रीसाठी" काढून स्नायूत रुजवणे मला पटत नाही. बार्सिलोनाच्या एका शल्यचिकित्सक गटाने जागेवर किती ग्रंथी उरल्या याची मोजणी करून परिणाम तपासले. त्यासाठी त्यांनी चारमधून रोपण केलेल्या आणि चुकून निघालेल्या ग्रंथी वजा केल्या. जितक्या जास्त ग्रंथी आपल्या मूळ देठावर राहिल्या, तितकी कायमची कमतरता कमी आढळली. मरू घातलेल्या ग्रंथीसाठी रोपण हा उपाय आहेच. जगणाऱ्या ग्रंथीसाठी तो नाही.

केतकी

डॉक्टर, आपण एवढे सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून आभार. मला ग्रेव्ह्ज आजार (थायरॉइड गरजेपेक्षा अधिक हार्मोन बनवण्याचा आजार) आहे आणि पुढच्या महिन्यात संपूर्ण थायरॉइड काढण्याचे ठरले आहे. आजवर मला आवाजाविषयी समजावून सांगण्यात आले, परंतु कॅल्शियमविषयी केवळ "काही दिवस गोळ्या लागतील" एवढेच सांगितले गेले. माझ्यासारख्या रुग्णाला आधीपासून काही करता येते का, आणि सर्जनना नेमके काय विचारावे?

शल्यक

केतकीताई, आधीपासून करण्यासारखे बरेच आहे. ड जीवनसत्त्वाची पातळी आताच तपासून घ्या, आणि ती २० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरपेक्षा कमी असेल तर शस्त्रक्रियेपूर्वी भरून काढण्याविषयी आपल्या डॉक्टरांशी बोला. त्याच वेळी कॅल्शियम, मॅग्नेशियम, मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन आणि पॅराथायरॉइड हार्मोनची पातळीही कळलेली असावी, म्हणजे नंतरच्या आकड्यांची तुलना कशाशी करायची ते ठरते.

ग्रेव्ह्जच्या रुग्णांत कॅल्शियम उतरण्याचा धोका दोन कारणांनी अधिक असतो. थायरॉइडला रक्त भरपूर असल्यामुळे शस्त्रक्रियेची जागा स्वच्छ ठेवणे कठीण जाते आणि लहान देठ दिसेनासे होतात. शिवाय थायरॉइड हार्मोन दीर्घकाळ वाढलेले असल्याने हाडांची झीज झालेली असते. हार्मोन उतरताच हाडे रक्तातले कॅल्शियम वेगाने ओढून घेऊ लागतात. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी थायरॉइडची पातळी औषधांनी आटोक्यात आणणे अत्यावश्यक असते, आणि अनेक ठिकाणी ग्रेव्ह्जच्या रुग्णांना आधीच काही दिवस कॅल्शियम सुरू करतात. आपल्यासाठी ते योग्य आहे की नाही, हे आपला रक्ततपासणी अहवाल पाहूनच ठरवता येईल. लठ्ठपणासाठी पोटाची शस्त्रक्रिया झालेली असेल तर तेही आवर्जून सांगावे, कारण अशा रुग्णांत गोळ्यांतले कॅल्शियम पुरेसे शोषले जात नाही.

सर्जनना विचारायचे तर हे विचारावे: आपण वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया करता, आपल्या किती रुग्णांना सहा महिन्यांनंतरही कॅल्शियम किंवा कॅल्सिट्रिऑल (ड जीवनसत्त्वाचे कार्यक्षम रूप) लागते, आणि शस्त्रक्रियेनंतर पॅराथायरॉइड हार्मोन तपासले जाईल का. अमेरिकेतल्या मोठ्या नोंदींवर आधारलेल्या, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वर्षाला २५ पेक्षा अधिक संपूर्ण थायरॉइड काढणाऱ्या सर्जनच्या रुग्णांत गुंतागुंत कमी आढळली होती. ज्या सर्जनकडे स्वतःच्या रुग्णांची नोंद आहे, त्यांना या प्रश्नांचा राग येत नाही.

ज्यांना ग्रेव्ह्ज नसून एकाच बाजूला लहान गाठ आहे, त्यांनी आणखी एक प्रश्न विचारावा: संपूर्ण थायरॉइड काढणे खरोखर आवश्यक आहे का? एकच खंड काढला तर दुसऱ्या बाजूच्या ग्रंथींना कोणी स्पर्शही करत नाही आणि कायमच्या कमतरतेचा धोका जवळजवळ उरत नाही. कमी धोक्याच्या, चार सेंटिमीटरपर्यंतच्या आणि बाहेर न पसरलेल्या कर्करोगातही एक खंड काढणे पुरेसे ठरू शकते, असे अमेरिकन थायरॉइड असोसिएशनच्या २०१५ च्या मार्गदर्शनात म्हटले आहे. पॅराथायरॉइड जपण्याचा याहून खात्रीचा मार्ग माझ्या माहितीत नाही.

टाकेवाला

मीही शल्यचिकित्सक आहे आणि धागाकर्त्यांच्या बहुतेक म्हणण्याशी सहमत आहे. एका बाबतीत मात्र माझे शिक्षण वेगळे झाले. चारही ग्रंथी ओळखल्याखेरीज शस्त्रक्रिया पूर्ण समजू नये, असे आमच्या गुरुजनांचे सांगणे होते, आणि मी आजही तसेच करतो. जी दिसलीच नाही, ती वाचली असे कोणत्या आधारावर म्हणायचे?

शल्यक

आपला प्रश्न रास्त आहे आणि या विषयावर जाणकारांत मतभेद आहेत. ग्रंथी कुठे असू शकते याची पक्की जाण हवी आणि नजर सतत तिच्या शोधात हवी, हे मला पूर्ण मान्य आहे. जी ग्रंथी आवरण उलगडताना वाटेत येते, ती ओळखलीच पाहिजे. परंतु खालची ग्रंथी थायमसच्या टोकात असेल, तर ती तिथे आहे हे सिद्ध करण्यासाठी तो सारा भाग उकलत गेल्यास जे देठ अन्यथा अस्पर्शित राहिले असते, ते आपणच उघडे पाडतो. बार्सिलोनाच्या ज्या कामाचा मी वर उल्लेख केला, त्यातही अधिक ग्रंथी शोधून काढल्याने रुग्णाचा लाभ झाल्याचे दिसत नाही. मी आवरणालगत राहतो, काढलेली थायरॉइड नीट तपासतो आणि न दिसलेल्या ग्रंथीचा पाठलाग करत नाही.

टाकेवाला

थायमसच्या भागाबाबत आपले म्हणणे पटते. वरच्या ग्रंथींबाबत मात्र मी माझ्या सवयीवर ठाम आहे, कारण त्यांची जागा ठरलेली असते आणि तिथे नस उलगडताना त्या नकळत दुखावल्या जाण्याची शक्यता अधिक असते.

सूक्ष्मदर्शी

काढलेली थायरॉइड माझ्याकडे येते, कारण मी पॅथॉलॉजिस्ट आहे. धागाकर्त्यांनी "नीट तपासतो" असे दोन शब्दांत सांगितले, त्यावर थोडे लिहावेसे वाटते. थायरॉइडच्या नमुन्यात पॅराथायरॉइडची ऊती सापडणे ही दुर्मीळ गोष्ट नाही. त्यांतली काही ऊती थायरॉइडच्या आतच असते आणि ती कोणालाही वाचवता आली नसती, परंतु काही ऊती आवरणाच्या बाहेर, चरबीच्या पदरात अलगद चिकटलेली असते. तिच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली निरोगी आणि टवटवीत दिसतात. ती फॉर्मॅलिनमध्ये पडण्याआधी कोणी पाहिली असती तर तिचे रोपण करता आले असते. नमुना टेबलावरून निघण्यापूर्वी सर्जनने तो ओल्या गॉझवर ठेवून, मागची कड आणि खालचे टोक प्रकाशात फिरवून पाहण्याला फारसा वेळ लागत नाही. मानेच्या मध्यभागातल्या लसिकाग्रंथी काढल्या असतील तर तो ऐवजही तितक्याच बारकाईने पाहावा लागतो, कारण खालच्या पॅराथायरॉइड त्यात सहज मिसळलेल्या असू शकतात.

रोपणाआधी कणभर तुकडा आमच्याकडे फ्रोझन सेक्शनसाठी (ऊती गोठवून शस्त्रक्रिया चालू असतानाच केलेल्या तपासणीसाठी) पाठवणे कर्करोगाच्या रुग्णात फार महत्त्वाचे आहे. लहान लसिकाग्रंथी आणि पॅराथायरॉइड नुसत्या डोळ्यांना सारख्या भासू शकतात, आणि कर्करोगाची गाठ असलेली लसिकाग्रंथी स्नायूत रुजवली जाणे ही अतिशय गंभीर गोष्ट ठरेल.

पिंपळपान

मी त्या एक ते चार टक्क्यांतली आहे. माझी संपूर्ण थायरॉइड आणि मध्यभागातल्या लसिकाग्रंथी काढण्यात आल्या. घरी आल्यानंतर ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येऊ लागल्या. दूरध्वनीवर रुग्णालयाने ती भूल उतरल्याची आणि मनावरच्या ताणाची लक्षणे असल्याचे सांगितले. रात्री घरच्यांनी रक्तदाब मोजण्यासाठी दंडाला पट्टा बांधला, तो फुगत गेला आणि माझा हात आपोआप वळला. अंगठा तळहातात दुमडला, बोटे सरळ ताठ होऊन एकमेकांना चिकटली आणि मनगट आत वाकले. मला तो हात उघडता येईना. तातडीच्या विभागात पोहोचलो तेव्हा कॅल्शियम ६.४ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर होते. ही खूण वैद्यकात दीड शतकाहून अधिक काळ ठाऊक आहे, हे मला पुढे कळले.

मला या धाग्याच्या वाचकांना एवढेच कळकळीने सांगायचे आहे की थायरॉइड काढल्यानंतर ओठांभोवती मुंग्या आल्या, पायांत गोळे आले किंवा हात वळला, तर तो ताण आहे असे कोणीही सांगितले तरी रक्त तपासून घ्यावे.

भूलशास्त्री

पिंपळपान, आपल्यावर जे बेतले ते वाचून वाईट वाटले. आपण वर्णन केलेली खूण ट्रूसो यांच्या नावाने ओळखली जाते आणि ती कॅल्शियमच्या कमतरतेची बरीच भरवशाची खूण आहे. कानासमोर टिचकी मारल्यावर ओठाचा कोपरा उडतो, ती च्वॉस्टेक यांची खूण मात्र काही निरोगी माणसांतही दिसते, त्यामुळे शस्त्रक्रियेपूर्वी ती पाहून ठेवलेली नसेल तर तिच्यावर विसंबता येत नाही.

भूलतज्ज्ञ म्हणून थोडी भर घालतो. कॅल्शियम फार उतरले तर स्वरयंत्राचे स्नायू आखडून श्वास घेताना आवाज येऊ शकतो, झटके येऊ शकतात आणि हृदयाच्या आलेखात क्यूटी अंतर (ठोक्यातल्या विद्युतक्रियेचा एक टप्पा) लांबते. अशा वेळी शिरेतून कॅल्शियम ग्लुकोनेट, म्हणजे १० टक्क्यांचे १० मिलिलिटर, हृदयाच्या आलेखावर लक्ष ठेवून साधारण दहा मिनिटांत हळूहळू देतात आणि गरजेनुसार पुढे संथ धारेने चालू ठेवतात. कॅल्शियम देऊनही पातळी वर येत नसेल तर मॅग्नेशियम पाहावे. मॅग्नेशियम फार कमी असेल तर पॅराथायरॉइड ग्रंथी शाबूत असूनही हार्मोन सोडत नाहीत.

अहवाल वाचताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. एकूण कॅल्शियमचा आकडा रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनावर अवलंबून असतो. अल्ब्युमिन प्रति डेसिलिटर चार ग्रॅमपेक्षा जितके ग्रॅम कमी असेल, त्या प्रत्येक ग्रॅममागे कॅल्शियममध्ये ०.८ मिळवून वाचण्याची पद्धत आहे. शंका असेल तर आयनीकृत, म्हणजे प्रथिनाला न चिकटलेले मोकळे, कॅल्शियम थेट मोजून घेणे उत्तम.

केतकी

पिंपळपान, आपण लिहिलेत म्हणून मला नेमके कशाकडे लक्ष द्यायचे ते समजले. डॉक्टर, आमच्या सर्जनकडे पॅराथायरॉइड दाखवणारा एक विशेष कॅमेरा आहे असे कळले. तो असणे कितपत महत्त्वाचे मानावे?

शल्यक

पॅराथायरॉइडवर सुमारे ७८५ नॅनोमीटर तरंगलांबीचा अवरक्तालगतचा प्रकाश टाकला, तर ती कोणतेही रंगद्रव्य न देता स्वतः ८२० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश सोडते, आणि थायरॉइडपेक्षा कितीतरी अधिक उजळ दिसते. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी ही गोष्ट २०११ मध्ये मांडली आणि २०१८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या तत्त्वावरच्या दोन उपकरणांना परवानगी दिली. फ्रान्समधल्या २४१ रुग्णांच्या एका यादृच्छिक चाचणीचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात कॅमेरा वापरलेल्या गटात तात्पुरती कॅल्शियम कमतरता ९.१ टक्के, तर न वापरलेल्या गटात २१.७ टक्के आढळली. चुकून ग्रंथी निघण्याचे प्रमाणही ११.७ वरून २.५ टक्क्यांवर आले. कायमच्या कमतरतेत मात्र ठोस फरक सिद्ध झाला नाही, कारण ती मुळातच विरळ असते.

हा कॅमेरा ग्रंथी कुठे आहे ते दाखवतो, ती जिवंत आहे की नाही ते सांगत नाही. देठ तुटलेली ग्रंथीही तितकीच चमकते. शरीराबाहेर काढलेली सुद्धा चमकते. रक्तपुरवठा पाहायचा तर शिरेतून इंडोसायनिन ग्रीन हे रंगद्रव्य द्यावे लागते. ते रक्ताबरोबर ग्रंथीत पोहोचले की ती पडद्यावर पांढरी उजळते, आणि अंधारी राहिली तर तिचे रोपण करावे की नाही हा निर्णय सोपा होतो. जिनिव्हातल्या गटाने दाखवले की अशा प्रकारे एक जरी ग्रंथी भरपूर रक्त मिळणारी ठरली, तरी रुग्णाच्या कॅल्शियमविषयी पुष्कळ निश्चिंत राहता येते. कॅमेरा असेल तर उत्तम. पण तो घेऊन अननुभवी हात आणि तो नसलेला अनुभवी हात यांतून निवड करायची झाली तर मी दुसरा निवडेन.

जुनीपाने

या विषयाचा इतिहासही येथे नोंदवण्यासारखा आहे. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मरण पावलेल्या भारतीय गेंड्याचे विच्छेदन करताना रिचर्ड ओवेन यांना १८५० च्या सुमारास थायरॉइडला लागून असलेली एक लहान पिवळसर ग्रंथी दिसली होती. माणसातल्या ग्रंथींचे वर्णन स्वीडनमधल्या उप्साला येथील इव्हार सँडस्ट्रम यांनी १८८० मध्ये केले, परंतु त्यांचे कार्य कोणाच्याच लक्षात आले नाही. त्याच सुमारास व्हिएन्नात बिलरोथ यांच्या विभागात थायरॉइड काढलेल्या रुग्णांना आकडी येत होती आणि तिचे कारण कोणालाच उमगत नव्हते. ते कोडे १८९१ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ ग्ले यांच्या प्रयोगांमुळे सुटू लागले, आणि मॅक्कॅलम व फोएग्टलिन यांनी पुढे कॅल्शियम देऊन ती आकडी थांबते हे दाखवले.

हॉल्स्टेड यांनी नंतर एक मार्मिक निरीक्षण नोंदवले. बर्नचे कोखर अतिशय संथपणे, रक्तस्राव जवळजवळ होऊ न देता, आवरणाला धरून संपूर्ण थायरॉइड काढत. त्यांच्या रुग्णांत थायरॉइडच्या अभावाची लक्षणे दिसत, पण आकडी क्वचित येई. बिलरोथ वेगाने शस्त्रक्रिया करत आणि थायरॉइडचे अंश मागे राहत. त्यांच्या रुग्णांना आकडी अधिक येई. पॅराथायरॉइडचे काम काय हे दोघांनाही ठाऊक नसताना एकाच्या पद्धतीने त्या वाचत होत्या, हे मला विलक्षण वाटते.

केतकी

शेवटचा प्रश्न विचारते. शस्त्रक्रियेनंतर थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम दोन्ही घ्यावे लागले, तर त्यांचा मेळ कसा घालायचा? आणि पिंपळपान, आपले आता कसे चालले आहे?

पिंपळपान

लेव्होथायरॉक्सिन सकाळी उपाशीपोटी घ्यावे आणि कॅल्शियम त्यानंतर किमान चार तासांनी, कारण कॅल्शियममुळे थायरॉइडची गोळी नीट शोषली जात नाही. कॅल्शियम कार्बोनेट जेवणाबरोबर घ्यावे लागते, कारण त्याला पोटातले आम्ल लागते. आम्लपित्ताची औषधे चालू असतील तर डॉक्टर कॅल्शियम सायट्रेट लिहून देतात. माझ्यासारख्यांना त्याबरोबर कॅल्सिट्रिऑलही घ्यावे लागते, कारण हार्मोनच्या अभावी मूत्रपिंड साध्या ड जीवनसत्त्वापासून कार्यक्षम रूप पुरेसे बनवत नाही.

मी बरी आहे, परंतु दक्षता सुटत नाही. उलटी-जुलाब झाले की पातळी ढासळते आणि एक-दोन मात्रा चुकल्या तर मुंग्या परत येतात. कॅल्शियम सामान्य पातळीच्या मध्यावर आणण्याचा अट्टहास डॉक्टर करत नाहीत, खालच्या कडेजवळच ठेवतात, कारण हार्मोन नसल्याने मूत्रपिंड कॅल्शियम अडवू शकत नाही. ते लघवीतून वाहून जाते आणि खडे होतात किंवा मूत्रपिंडाला हळूहळू इजा होते. म्हणून माझी २४ तासांची लघवी, फॉस्फेट आणि क्रिएटिनिन ठरलेल्या अंतराने तपासले जातात.

शल्यक

पिंपळपान यांनी लिहिलेले तंतोतंत बरोबर आहे. गोळ्या ही हार्मोनची भरपाई नव्हे, कॅल्शियमची आहे, आणि म्हणूनच मूत्रपिंडाचा प्रश्न शिल्लक राहतो. पॅलोपेगटेरिपॅराटाइड हे रोज टोचून घ्यायचे, दीर्घकाळ टिकणारे हार्मोन युरोपात २०२३ मध्ये आणि अमेरिकेत २०२४ मध्ये मान्य झाले. ज्यांचे गोळ्यांवर भागत नाही, त्यांनी आपल्या अंतःस्रावतज्ज्ञांशी त्याविषयी बोलावे.

केतकीताई, आपल्यासाठी एक व्यावहारिक सूचना देतो. शस्त्रक्रियेनंतर काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी पॅराथायरॉइड हार्मोन तपासून घ्यावे. ते १५ पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर किंवा अधिक असेल तर कॅल्शियम फार उतरण्याची शक्यता कमी असते. त्याहून कमी असेल, तर लक्षणांची वाट न पाहता कॅल्शियम आणि कॅल्सिट्रिऑल सुरू करून घ्यावे, आणि पुढची रक्ततपासणी कधी करायची ती तारीख लेखी घेऊनच घरी जावे. गोळ्या नंतर एकदम बंद करू नयेत. हार्मोन परत आल्याचे तपासून त्या टप्प्याटप्प्याने उतरवतात. आणि पॅथॉलॉजीचा अहवाल हाती आला की त्यात पॅराथायरॉइडचा उल्लेख आहे का, ते स्वतः वाचून पाहावे.

केतकी

सर्व लिहून घेतले आहे. उद्याच ड जीवनसत्त्व, मॅग्नेशियम आणि पॅराथायरॉइड हार्मोनसाठी रक्त देते आणि अहवाल आले की सर्जनची वेळ घेते.